गोवर्धनाची निगमसभा : प्राचीन नगरशासन, दळणवळण आणि कारागिरांची उपजीविका

पाली वाङ्मयात ‘पुटभेदन’ असा एक शब्द येतो. दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात तथागत पाटलिगामास पोहोचतात, तेव्हा मगधाचे महामात्य सुनीध आणि वस्सकार हे वज्जींना आवर घालण्यासाठी तेथे नगर बांधवीत असतात. हे नगर पुढे अग्रनगर होईल, पुटभेदन होईल, आणि त्याला अग्नी, पाणी व आपसांतील फूट अशा तीन गोष्टींपासून भय राहील, असे भाकीत तथागत करतात. पुट म्हणजे मालाचा गठ्ठा किंवा पुडके, आणि भेदन म्हणजे ते फोडणे. दूरदेशीचा माल जेथे येऊन उतरतो, जेथे गठ्ठे सुटतात आणि जिन्नस हातोहात विकला जातो, ते पुटभेदन. अट्ठकथाकारांनी या ठिकाणी आणखी एक तपशील दिला आहे. नगराच्या चार वेशींवर रोज चार लक्ष आणि सभेत एक लक्ष असे उत्पन्न होईल, असे ते म्हणतात. आकडा अर्थातच अतिशयोक्त आहे, तो कोणी शब्दशः घेऊ नये. परंतु नगराचे श्रेष्ठत्व सांगताना अट्ठकथाकाराला राजवाडा किंवा सैन्य आठवत नाही, तर वेशीवरची जकात आणि सभेतले उत्पन्न आठवते, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते.

पाटलिपुत्र वसले ते लष्करी ठाणे म्हणून. त्याचे पुटभेदन झाले ते गंगा, शोण आणि गंडक यांच्या पाण्यामुळे आणि तेथे पुढे उभ्या राहिलेल्या व्यवस्थेमुळे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस तेथे राहिलेल्या मेगॅस्थेनीसचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही, परंतु स्ट्रॅबोने त्यातून घेतलेल्या उताऱ्यात नगराच्या कारभाराचे वर्णन आहे. पाच-पाच जणांच्या सहा समित्या होत्या. पहिलीकडे कारागिरी, दुसरीकडे परदेशीयांची देखभाल, तिसरीकडे जन्म-मृत्यूची नोंद, चौथीकडे किरकोळ व्यापार व वजने-मापे, पाचवीकडे तयार मालाची विक्री, आणि सहावीकडे विक्रीवरील दशमांश कर. नवा माल आणि जुना माल वेगवेगळा विकला पाहिजे, असाही दंडक होता. हे चित्र कितपत यथातथ्य आहे याबद्दल विद्वानांत वाद आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील नागरक या अधिकाऱ्याच्या कारभाराशी ते पुरते जुळत नाही. तरीही सहापैकी चार समित्या प्रत्यक्ष उद्योग-व्यापाराशी निगडित आहेत, हे एका परक्या माणसाच्या नजरेत भरले होते एवढे तरी मान्य करावेच लागते.

आपल्याकडील शालेय इतिहासात नगरांची भरभराट ही राजाच्या पराक्रमाची पुस्ती म्हणून येते. राजा थोर, म्हणून नगरी समृद्ध. बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकांकडून याच्या उलट बाजूची एक चूक होते. विहार आणि लेणी यांचा विचार ते संसारापासून दूर, डोंगरात, शांततेत असा करतात. नाणी, व्याज, जकात, तर, पाणपोई हे शब्द त्यांना या पवित्र स्थळी परके वाटतात. या दोन्ही दृष्टींना ठाऊक नसलेला एक इतिहास आपल्याच सह्याद्रीच्या कातळात कोरलेला आहे.

त्याकडे वळण्यापूर्वी मिलिंदपञ्हातील एका प्रकरणाचा उल्लेख आवश्यक आहे. बुद्ध होऊन गेले हे कशावरून जाणावे, या मिलिंदाच्या प्रश्नाला भदन्त नागसेन अनुमानाने उत्तर देतात आणि त्यासाठी नगरवड्ढकीचा, म्हणजे नगर रचणाऱ्या स्थपतीचा, दृष्टान्त घेतात. हा स्थपती प्रथम सपाट, निर्दोष, रमणीय जागा पाहतो, ती साफ करवितो, मोजून तिचे भाग पाडतो. मग खंदक, तट, वेशी, चौक, रस्ते, बाजारपेठा, तळी, विहिरी अशी सिद्धता करतो आणि आपले काम संपताच दुसऱ्या देशी निघून जातो. नगर पुढे वाढते, सुभिक्ष होते, आणि मग तेथे लोक येतात. नागसेनांनी दिलेली या लोकांची यादी लांबलचक आहे. सोनार, तांबट, कुंभार, विणकर, चर्मकार, हस्तिदंताचे काम करणारे, दोर वळणारे, फण्या करणारे असे कित्येक कारागीर तीत आहेत, आणि शक, यवन, चीन, अलसंद, उज्जेनी, भरुकच्छ, अपरान्त, मगध, मथुरा असे नाना देशांचे लोकही आहेत. दृष्टान्ताचा रोख अर्थातच धम्मनगराकडे आहे. परंतु दृष्टान्त पटावा म्हणून श्रोत्याला आधीच मान्य असलेली गोष्ट घ्यावी लागते. येथे मान्य असलेली गोष्ट ही, की आधी रस्ता, विहीर आणि बाजार, आणि मगच फणीवाला व दोरवाला. कारागीर जमले म्हणून नगर झाले, असा क्रम नागसेनांच्या डोळ्यांपुढे नाही. हा क्रम त्यांना कोठे दिसला असेल, हे सांगण्यास अपरान्त आणि भरुकच्छ ही दोन नावे पुरेशी आहेत.

आता त्रिरश्मी पर्वताकडे, म्हणजे नाशिकच्या पांडवलेण्यांकडे येऊ. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई, दीनीकपुत्र उषवदात याचे लेख आहेत. त्यांतील एकात बेचाळिसाव्या वर्षाच्या वैशाखातील दानाची नोंद आहे. हे वर्ष कोणत्या गणनेचे यावर मतभेद असले, तरी काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा किंवा फार तर दुसऱ्याच्या आरंभाचा धरण्यास हरकत नाही. उषवदाताने लेणे चातुर्दिश संघाला दिले आणि त्याबरोबर 3000 कहापणांची ‘अक्षयनीवी’ दिली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दलाला हात न लावता केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी कायम ठेव. ही ठेव राजाच्या कोशात ठेवली नाही, कोणा श्रेष्ठीच्या पेढीवरही ठेवली नाही. ती गोवर्धनात राहणाऱ्या श्रेणींकडे ठेवली. 2000 कहापण विणकरांच्या एका निकायाकडे दरमहा शेकडा एक या दराने, आणि 1000 कहापण विणकरांच्याच दुसऱ्या निकायाकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने.

या आकड्यांचा हिशेब वाचकाने एकदा स्वतः मांडून पाहावा. 2000 वर दरमहा 20, म्हणजे वर्षाला 240 कहापण. लेख सांगतो की या रकमेतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कहापण चीवरासाठी द्यावेत. वीस गुणिले बारा, 240. एक कहापणही कमी नाही आणि एकही शिल्लक नाही. उरलेल्या 1000 वर वर्षाला 90 कहापण होतात, ते भिक्षूंच्या इतर खर्चासाठी. सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वी कातळावर कोरलेला हा ताळेबंद इतका काटेकोर आहे की त्यामागे बसून आकडेमोड करणारा कोणी लेखक निश्चित असला पाहिजे. विनयपिटकात लेखा आणि गणना या विद्या उत्कृष्ट शिल्पांत मोजल्या आहेत, त्या उगाच नव्हेत.

कौटिल्याने शेकडा सव्वा पण दरमहा हे व्याज धर्म्य मानले आहे. व्यापाऱ्यांसाठी पाच, रानावनातून जाणाऱ्यांसाठी दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांसाठी वीस असे चढते दर तो सांगतो. गोवर्धनाच्या विणकरांना भांडवल मिळाले ते या धर्म्य दराहूनही कमी व्याजाने. जोखीम जेवढी कमी, तेवढे व्याज कमी, हे ऋणाचे सूत्र त्या काळीही ठाऊक होते. कमी व्याज म्हणजे विश्वास अधिक. रमेशचंद्र मजुमदारांनी 1918 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्राचीन भारतीय संघजीवनावरील ग्रंथात श्रेणींच्या या पेढीसारख्या कार्याकडे लक्ष वेधले होते. पुढील संशोधकांनी त्याची पुष्कळ चर्चा केली आहे. परंतु ठेवीकडे ठेवणाऱ्याच्या बाजूने पाहिले जाते, तेवढे ती घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले जात नाही. 330 कहापण वर्षाला देणे ज्यांनी पत्करले, त्या दोन निकायांना 3000 कहापणांचे सूत घेता आले असेल, नवे माग उभारता आले असतील, आषाढापासून कार्तिकापर्यंत बाजार मंद असताना हात चालू ठेवता आले असतील. यातले नेमके काय झाले ते लेख सांगत नाही, पण व्याज फेडावयाचे तर त्याहून अधिक कमवावे लागते, आणि विणकराला कमवावयाचे तर विणावेच लागते. संघाला मिळालेले दान अशा रीतीने गोवर्धनातील मागांचे खेळते भांडवल झाले. चीवराचे पैसे विणकराच्या घरून येत आणि चीवर घेतले की त्याच्याच घरी परतत, असे मानण्यास जागा आहे.

दीघनिकायातील कूटदन्तसुत्त येथे आठवल्यावाचून राहत नाही. महाविजित राजाच्या राज्यात चोऱ्या-दरोडे वाढले आहेत. राजा यज्ञ करू पाहतो. पुरोहित त्याला सांगतो की वध-बंधनाने हे दस्यू संपणार नाहीत. जे शेती व गोरक्षण करतात त्यांना बी-बियाणे व अन्न द्यावे, जे व्यापार करतात त्यांना ‘पाभत’ द्यावे, जे राजसेवेत आहेत त्यांना भत्ता व वेतन द्यावे. पाभत म्हणजे भांडवल. आपापल्या कामात गुंतलेले लोक राज्याला उपद्रव देत नाहीत, हा या उपदेशाचा गाभा आहे. हे सुत्त आपल्याकडे बहुधा यज्ञनिषेधासाठी उद्धृत होते. त्यातील अर्थविचार मागे पडतो, हे योग्य नव्हे.

परंतु पाभत देणे एक आणि ते बुडणार नाही याची हमी देणे दुसरे. ही हमी कोणी दिली? उषवदाताचा लेख याचे उत्तर एका वाक्यात देतो. हे सर्व निगमसभेत ऐकविले गेले आणि चरित्राप्रमाणे, म्हणजे रूढ परिपाठाप्रमाणे, फलकावर नोंदविले गेले. क्षत्रपाचा जावई, ज्याच्या हाती सैन्य आहे, तोही आपल्या दानाची नोंद नगराच्या सभेत करवितो. निगम या शब्दाचे अर्थ अनेक आहेत. पालीत गाम, निगम, नगर अशा क्रमात तो बाजारपेठेच्या गावासाठी येतो, कोठे व्यापाऱ्यांच्या संघासाठी येतो. हिंदीभाषक प्रदेशात महानगरपालिकेला आजही ‘नगर निगम’ म्हणतात, हा एक मौजेचा योग आहे. गोवर्धनाच्या निगमसभेचे सभासद कोण, ते निवडले जात की वंशपरंपरेने येत, यावर आम्ही कल्पनेचे इमले रचणार नाही. तिच्याकडे नोंदीचे फलक होते आणि त्या नोंदीचा परिपाठ उषवदाताच्या आधीपासून चालत आला होता, हे दोन मुद्दे निश्चित आहेत. श्रेणीच्या हाती पैसा देणाऱ्याला राजा बदलला तरी फलक बदलणार नाही, अशी खात्री वाटत असली पाहिजे.

आणि राजा खरोखरच बदलला. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे 1906 साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला, त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. नाणी वितळविली नाहीत, चलनातून काढली नाहीत, त्यांच्यावरच शिक्का उठविला. व्यवहार थांबू न देण्याची ही रीत होती.

नव्या राजवटीचा अमात्य गोवर्धनात होता. लेणे क्रमांक 3 मधील गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाच्या आज्ञेत विष्णुपालित आणि चोविसाव्या वर्षाच्या आज्ञेत श्यामक हा अमात्य आहे. दुसरी आज्ञा राजाने आपल्या मातेसह दिली आहे आणि ती वाचताना आम्हांस नेहमी गंमत वाटते. भिक्षूंना पूर्वी कखडी गावातले शेत दिले होते. पण ते शेत कोणी कसत नाही आणि ते गाव वसलेले नाही, अशी तक्रार पोहोचली. तेव्हा राजाने नगराच्या सीमेवरील आपल्या शेतातून शंभर निवर्तने जमीन द्यावी, असे फर्माविले. ओसाड गावातील भूमी कागदावर कितीही मोठी असो, तिच्यातून भिक्षापात्रात काही पडत नाही. नगरसीमेवरच्या भूमीला मात्र कसणारे हात मिळतात, धान्याला गिऱ्हाईक मिळते. उषवदातानेही नगराच्या सीमेवर वायव्येस असलेले शेत वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून 4000 कहापणांना विकत घेऊन संघाला दिले होते. नगराजवळच्या जमिनीला अशी किंमत येते ती नगर जिवंत असेल तोवरच.

नगर जिवंत राहते ते वाटांवर. उषवदाताचा दुसरा लेख या दृष्टीने असाधारण आहे. त्याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी चौसोपी निवाऱ्याची घरे बांधली, बागा, तळी व विहिरी केल्या. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर नावांची ‘पुण्यतर’, म्हणजे नावाडीभाडे न घेता उतरवून देणारी व्यवस्था केली, आणि या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा, म्हणजे बसावयाची स्थाने व पाणपोया, घातल्या. कोकणात आजही खाडीवर चालणाऱ्या होडीला ‘तर’ म्हणतात, तोच हा शब्द.

नकाशा पुढे ठेवून ही नावे वाचली पाहिजेत. पारादा ही पार, दमण ही दमणगंगा, तापी स्पष्टच आहे, दाहनुका डहाणूची. उरलेल्या दोहोंची ओळखही विद्वानांनी दक्षिण गुजरातेतच शोधली आहे. म्हणजे हे तर वाटेल तेथे घातलेले नाहीत. सोपाऱ्याहून भडोचकडे किनाऱ्याने जाणाऱ्या वाटेवर ज्या नद्या आडव्या येतात, त्यांच्यावर ते आहेत. आणि चार निवाऱ्यांपैकी दोन या वाटेच्या दोन टोकांना, एक घाटमाथ्यावर, एक माळव्यात. दानाच्या भाषेत सांगितलेली ही एक आखीव वाहतूकव्यवस्थाच होय. याच लेखात गायींची, गावांची आणि ब्राह्मणभोजनाची प्रचंड दानेही आहेत. दाता केवळ बौद्ध संघाचा नव्हता, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु संयुत्तनिकायात बागा लावणारे, सेतू बांधणारे, पाणपोया, विहिरी व निवारे देणारे यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते असे जे सांगितले आहे, ती यादी आणि उषवदाताची यादी शेजारी ठेवल्यास दोहोंतील साम्य नजरेतून सुटत नाही. आधी अशोकाने मार्गांवर विहिरी खणविल्या आणि झाडे लावली. त्याच्या शिलालेखांचे तुकडे सोपाऱ्यातच मिळाले आहेत, पहिला 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना. पुण्याची ही कल्पना त्या किनाऱ्याला नवी नव्हती.

या वाटांचे फळ काय होते, ते एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. ‘एरिथ्रियन समुद्राचे पेरिप्लस’ हा त्याचा ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याचा मानतात. पैठणहून भडोचला जाण्यास वीस दिवस लागतात, तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर म्हणजे आजचे तेर. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगराहून साधे कापड, मलमल असा माल गाड्यांतून भडोचला येतो, असे तो लिहितो. गाड्यांतून, हे ध्यानात घ्यावे. गाडी जावयाची तर वाट तशी लागते. भडोचच्या मुखाशी भरती-ओहोटीचा वेग भयंकर, वाळूचे दांडे लपलेले. म्हणून राजाच्या नोकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परकी गलबते ओढून बंदरात आणीत. बंदराच्या सोयीसाठी पगारी माणसे ठेवण्याचा हा आपल्या किनाऱ्यावरील फार जुना दाखला आहे. सुप्पारकजातकातील अंध वाटाड्या याच भरुकच्छाचा. डोळे गेल्यावर तो राजाकडे मालाची पारख करण्याच्या कामावर राहतो, आणि प्रत्येक अचूक पारखीबद्दल राजा त्याला केवळ आठ कहापण देतो म्हणून कंटाळून निघून जातो. कुशल माणसाला पुरेसे वेतन न दिल्यास बंदर त्याला गमावते, एवढे जातककारालाही कळत होते.

उलट बाजूही पेरिप्लसमध्येच आहे. कल्याण हे थोरल्या सारगनसच्या, म्हणजे कोणा सातकर्णीच्या, काळात रीतसर व्यापारी बंदर होते. पुढे ते संदनेसच्या हाती गेल्यावर तेथे व्यापाराला अडथळे आले, आणि चुकून तेथे येणारी ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. खाडी तीच, नाणेघाट तोच, घाटातील कातळात खोदलेली पाण्याची टाकी तीच. केवळ सत्तेच्या भांडणाने गिऱ्हाईक दुसऱ्या बंदराकडे वळविले गेले. नाणेघाटाच्या माथ्यावरील मोठ्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकीत, असे परंपरा सांगते. त्या वर्षांत तो रांजण कितपत भरत असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. जुन्नर, कल्याण आणि कान्हेरी यांच्या लेखांत व्यापारी, सोनार, लोहार पुढे पुन्हा दिसू लागतात, तेव्हा बंदी कायमची नव्हती हे कळते. पण मधल्या काळात हमाल, गाडीवान आणि तांडेल यांचे काय झाले ते कोणी कोरून ठेवलेले नाही.

येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यापाशी येतो. विनयपिटकातील पाचित्तियात अपशब्दांची चर्चा करताना तत्कालीन समाज कोणत्या शिल्पांना हीन समजत असे, याची यादी आली आहे. वेळूचे काम करणाऱ्याचे, कुंभाराचे, विणकराचे, चर्मकाराचे आणि न्हाव्याचे काम हीन; मुद्रा, गणना व लेखा उत्कृष्ट. हा संघाचा निर्णय नव्हे. अशा शब्दांनी कोणालाही हिणवू नये, हा त्या नियमाचा हेतू आहे. परंतु समाजाची दृष्टी त्यातून उघड होते. आता ही यादी घेऊन सह्याद्रीतील लेख वाचावेत. गोवर्धनात अक्षयनीवीचे रक्षक कोण? विणकर. जुन्नरच्या लेखांत ठेव स्वीकारणारे कोण? वेळूचे काम करणारे वंसकार आणि कासार. तेथेच धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिले आहे. नाशिकच्याच आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील लेखात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेव ठेवली, ती कुलरिक, ओदयंत्रिक आणि तिलपिषक, म्हणजे बहुधा कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे आणि तेली यांच्या श्रेणींकडे. म्हणजे ज्यांची शिल्पे हीन म्हणून शिवीसारखी वापरली जात, त्यांच्याच हाती राजजामात आणि राजघराण्यातील लोक आपले चिरंतन पुण्य सोपवीत होते. निगमसभेच्या फलकावर विणकराच्या निकायाचे नाव लिहिले जाई, ते एका कायम ऋणको-धनकोचे नाव म्हणून. जन्माने हीन आणि पतीने श्रेष्ठ, असा हा विरोध त्या नगरांनी काही शतके तरी पोटात वागविला. ही पत त्यांना कोणी दयेने दिली नव्हती. ती संघटनेने आणि वेळच्या वेळी फेडलेल्या व्याजाने मिळाली होती.

पण ही कहाणी येथे थांबवून संतुष्ट होता येणार नाही. नगराच्या रचनेत ज्यांच्या श्रमावाचून काहीच चालत नव्हते, असे आणखी लोक होते, आणि ते कोणत्याही श्रेणीत नव्हते. जातकांतील चांडाळगाम नगराच्या वेशीबाहेर असतो. मातंगजातकात आणि चित्तसम्भूतजातकात वेशीवर चांडाळाचे दर्शन झाले म्हणून डोळे धुणाऱ्या श्रेष्ठिकन्या आहेत. थेरगाथेतील सुनीत थेर मगधाच्या राजनगरात वाळलेली फुले झाडून टाकण्याचे काम करीत होते. तथागत नगरात येताना पाहून त्यांनी खांद्यावरचा भार खाली ठेवला, आणि त्यांना संघात प्रवेश मिळाला. नगराचे रस्ते स्वच्छ राहिले ते अशा हातांमुळे, पण निगमसभेच्या फलकावर त्यांचे नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रामगणराज्यांच्या गौरवाला कठोर विरोध केला, तेव्हापासून खेड्यापेक्षा नगर बरे, अशी आपल्या पिढीची सर्वसाधारण धारणा आहे आणि आम्हीही तिच्याशी सहमत आहोत. तथापि प्राचीन नगरालाही वेशीबाहेरची वस्ती होती, हे पाली वाङ्मय वाचणाऱ्याने विसरता कामा नये. श्रेणीच्या आत असलेल्या विणकराला नगराने पत दिली. श्रेणीबाहेरच्या झाडूवाल्याला ती संघाने दिली, नगराने नव्हे.

गुप्तकाळात नगरशासनाचे स्वरूप अधिक स्पष्ट दिसते. वैशालीच्या, म्हणजे बसाढच्या, उत्खननांत श्रेष्ठी, सार्थवाह आणि कुलिक यांच्या निगमाच्या मुद्रा मोठ्या संख्येने मिळाल्या. बंगालमधील दामोदरपूरच्या ताम्रपटांत विषयाच्या अधिकरणात नगरश्रेष्ठी, सार्थवाह, प्रथमकुलिक आणि प्रथमकायस्थ हे चौघे बसतात. जमीन विकत घ्यावयाची तर अर्ज त्यांच्यापुढे जातो. कारागिरांचा प्रमुख प्रथमकुलिक येथे सरकारी अधिकाऱ्याच्या शेजारी बसलेला आहे. मात्र तो एक आहे, आणि उरलेले तिघे सावकार, व्यापारी आणि लेखक आहेत. गोवर्धनात श्रेणी स्वतःच्या नावाने सभेपुढे होती. अधिकरणात ती एका प्रतिनिधीच्या रूपाने उरली, असे आम्हांस दिसते.

उषवदाताने ज्या दशपुरात निवारा बांधला, ते आजचे मंदसोर. तेथील प्रसिद्ध शिलालेखात लाट देशाहून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, स्थलांतर करून आलेल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीची हकिकत आहे. ज्या वाटेवर पूर्वी तर आणि पाणपोया होत्या, तिच्याच टापूतून हे लोक आपले कसब घेऊन माळव्यात आले. तेथे ते स्थिरावले, आणि आपल्या कमाईतून त्यांनी इसवी सन 437 च्या सुमारास सूर्याचे मंदिर बांधले. लेख असेही सांगतो की त्यांतील काहींनी आपला विणण्याचा व्यवसाय चालू ठेवला, आणि काही धनुर्विद्येकडे, काही ज्योतिषाकडे, काही कथाकथनाकडे वळले. श्रेणी तीच राहिली, धंदे मात्र फुटले. रेशमाची मागणी कमी झाली होती, की नव्या नगरात नवी कामे मिळाली होती, याचा निर्णय त्या लेखावरून करणे कठीण आहे. आमचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे, कारण मंदिराची पडझड झाल्यावर 473 च्या सुमारास त्याच श्रेणीने पुन्हा एकत्र येऊन आपल्याच खर्चाने त्याचा जीर्णोद्धार केला.